तुरटी ते आरओ : वागळे इस्टेटच्या घरांतील पाण्याचा इतिहास

१/ वागळे इस्टेटमधील नव्या इमारतीत बिऱ्हाड हलले की बहुधा पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाणी शुद्ध करणारे यंत्र टांगले जाते. नळाला येणारे पाणी कोणत्या नदीचे, कोणत्या धरणाचे, याची चौकशी त्याआधी क्वचितच होते. या यंत्रामागे दीर्घ इतिहास आहे. त्यातील प्रत्येक साधन विशिष्ट पाण्यातील विशिष्ट दोषावर उपाय म्हणून जन्माला आले. दोष न ओळखताच साधन निवडले तर काय घडते, आणि त्याची किंमत कोण मोजते, हे पाहण्यासाठी हा थ्रेड.

२/ प्रारंभ सुश्रुतसंहितेपासून करावा लागतो. तिच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय सांगितले आहेत: कतक म्हणजे निवळीचे बी, गोमेद, कमळाच्या देठाच्या गाठी, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. एवढ्यावर ग्रंथ थांबत नाही. पाण्याचे भांडे कशावर ठेवावे याचे पाच प्रकार आणि पाणी गार करण्याच्या सात रीतीही तो देतो. पाणी स्वच्छ करणे आणि स्वच्छ केलेले पाणी नीट ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, ही जाण तेव्हापासून दिसते.

३/ निवळीचे बी माठाच्या आतल्या अंगाला घासत, तर तुरटीचा खडा पाण्यात दोनचार वेळा फिरवत. दोन्हींमागचे कार्य एकच: पाण्यात तरंगणारे मातीचे सूक्ष्म कण परस्परांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. आजच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही पहिली पायरी हीच असते; फक्त खड्याऐवजी टनांनी रसायन लागते. मात्र पाणी निवळले म्हणजे ते निर्जंतुक झाले असे नव्हे. डोळ्यांना नितळ दिसणारे पाणीही मारक असू शकते, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

४/ वस्त्राचा उपाय सर्वांत साधा. पण त्याने एक रोग देशातून घालवण्यास हातभार लावला. लोक पायऱ्या उतरून ज्या बारवांत आणि तळ्यांत शिरत, तेथे नारूचा प्रसार होई. नारूच्या अळ्या पाण्यातील अतिसूक्ष्म कवचधारी जीवांत वाढतात आणि ते जीव दाट कापडात अडकतात. गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे आणि हातपंप बसवणे, या मार्गाने मोहीम चालली. १९९६ नंतर भारतात नारूचा नवा रुग्ण आढळला नाही आणि २००० साली देश नारूमुक्त घोषित झाला. येथे दोष नेमका ठाऊक होता, म्हणून फडकेही पुरले.

५/ पटकीची गोष्ट निराळी. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकी पाण्यातून पसरते हे दाखवले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात तिच्या जिवाणूची ओळख पक्की केली. याच काळात मुंबई विहिरी आणि तळी सोडून दूरच्या जलाशयांकडे वळत होती: विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२. विहार आणि तुळशी ज्या साष्टी बेटावर आहेत ते तेव्हा ठाणे जिल्ह्यातच मोडत होते. म्हणजे मुंबईची तहान आरंभापासून ठाणे जिल्हा भागवत आला आहे. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

६/ ज्यांच्या दारी नळ नव्हता त्यांच्यासाठी १८९०च्या दशकात आग्र्याच्या प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हँकिन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. पाणी गुलाबी होई, म्हणून लोक त्याला लाल औषध म्हणू लागले. पुढे त्याची जागा ब्लीचिंग पावडरीने घेतली. ग्रामपंचायतींत तिला आजही टीसीएल म्हणतात. क्लोरीनचा मोठा गुण असा, की तो जंतू मारून संपत नाही. थोडा शिल्लक राहतो आणि नळाच्या तोंडापर्यंत पाण्याची राखण करतो. गावोगावी होणारी ओटी चाचणी हा शिल्लक क्लोरीनच मोजते: पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंगहीन राहिले तर नाही.

७/ घरातील ‘फिल्टर’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो कँडलमुळे. १८८४ साली पॅरिसमध्ये पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स चेंबरलँड यांनी न चकाकवलेल्या चिनी मातीची नळी बनवली. तिच्या छिद्रांतून जिवाणू पार होत नसत. १८९१च्या सुमारास जर्मनीत बर्केफेल्ड यांनी सूक्ष्म शेवाळांच्या अवशेषांनी बनलेल्या मातीची कँडल आणली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मध्यमवर्गाच्या ओट्यावर दिसणारा स्टीलचा दोन मजली फिल्टर हा याच घराण्यातला. वरच्या पिंपात दोनतीन पांढऱ्या कँडली, खालच्या पिंपाला तोटी.

८/ या फिल्टरची खरी परीक्षा मात्र निगा राखण्यात होती. दर आठवड्याला कँडल काढून मऊ ब्रशने घासायची, उकळत्या पाण्यात ठेवायची आणि वर्षा-दीड वर्षाने बदलायची. केसाएवढी चीर गेली तरी पाणी पूर्वीसारखेच थेंबथेंब पडत राही, पण जंतू सरळ खाली उतरत. यंत्र बिघडल्याची कोणतीही खूण दिसत नसे. घरगुती शुद्धीकरणाचा हा मूळ धोका आजच्या दिव्यांच्या आणि पडद्यांच्या यंत्रांनाही चुकलेला नाही.

९/ आता वागळे इस्टेट. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, स्थापना झाली आणि ठाण्याची ही वसाहत महामंडळाच्या अगदी आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांपैकी एक ठरली. कारखान्यांमागून कामगार आले. किसननगर, इंदिरानगर, रामनगर, हाजुरी या भागांत चाळी आणि वस्त्या दाटल्या. कारखान्यांसाठी भूखंड, रस्ते आणि पाणी यांचे नियोजन झाले होते. माणसांच्या वस्तीने ते ओलांडले. सार्वजनिक नळ, हंड्या-कळशांची रांग आणि पहाटेची ठरावीक वेळ, यांभोवती येथल्या दोन पिढ्यांचा दिवस बांधला गेला.

१०/ १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली. आज शहराला पाणी चार वाटांनी मिळते: भातसा नदीवरील महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसीचे बारवी धरण आणि मुंबई महापालिका. किसननगर-हाजुरीच्या पट्ट्यात मुंबईचे पाणीही येते. एकाच वसाहतीतील दोन इमारतींना निराळ्या स्रोतांचे पाणी मिळू शकते. पण नदी कोणतीही असली तरी हे पाणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून वाहिलेले पावसाचे पाणी असते. त्यात विरघळलेले क्षार मुळात कमी. टेमघर, जांभूळ यांसारख्या केंद्रांत ते गाळून, क्लोरीन मिसळून पुढे पाठवले जाते.

११/ मग भय कशाचे? केंद्रापासून घरापर्यंतच्या वाटेचे. आपल्या शहरांत नळ चोवीस तास वाहत नाही. पाणी बंद झाले की वाहिनीतील दाब उतरतो, आणि जेथे जोड सैल असेल तेथून बाहेरचा ओलावा, कधी शेजारच्या गटाराचे पाणी, आत ओढले जाते. पुढच्या पाळीला तेच सर्वांत आधी नळातून येते. त्यानंतर जमिनीखालची टाकी, पंप आणि गच्चीवरील टाकी. केंद्रातून निघालेले निर्दोष पाणी या शेवटच्या टप्प्यात बिघडते. म्हणजे येथील दोष क्षारांचा नसून जंतूंचा आहे.

१२/ जंतू म्हणजे केवळ जिवाणू नव्हेत, हे दिल्लीने शिकवले. १९५५च्या अखेरीस यमुनेच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी नाल्याचे सांडपाणी शिरले. केंद्रात क्लोरीन वाढवण्यात आला. विषमज्वराची साथ आली नाही. आली ती काविळीची. सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. क्लोरीनने जिवाणूंना आवरले, पण त्या गढूळ पाण्यातील विषाणू त्यातून वाचला. १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी जपून ठेवलेले रक्तद्रव तपासले, तेव्हा ही कावीळ ए किंवा बी प्रकारची नसल्याचे स्पष्ट झाले. पुढे त्या विषाणूला हेपॅटायटिस ई हे नाव मिळाले.

१३/ महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजीत याच काविळीची साथ आली. असे विषाणू कँडलच्या छिद्रांहून कितीतरी लहान असल्याने साधी कँडल त्यांना अडवत नाही. उकळणे मात्र जिवाणू, विषाणू आणि परजीवी या तिघांनाही पुरून उरते. पाण्याला खळखळून उकळी फुटली आणि ती मिनिटभर टिकली की काम होते. अडचण शास्त्राची नव्हती, इंधनाची होती. रेशनच्या रांगेत घासलेट आणणाऱ्या घराला रोज वीस लिटर पाणी उकळणे परवडणारे नव्हते. त्यामुळे ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला बहुतेक घरांत आजारी माणसापुरता आणि पावसाळ्यापुरता पाळला गेला.

१४/ ही पोकळी बाजाराने भरली. अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करण्याचा प्रयोग फ्रान्समधील मार्सेय येथे १९१०च्या सुमारास झाला होता. मुंबईच्या युरेका फोर्ब्सने १९८४ साली अ‍ॅक्वागार्डच्या रूपाने तो भारतीय ओट्यावर आणला. टाय लावलेला विक्रेता दाराची घंटा वाजवून बैठकीत प्रात्यक्षिक दाखवू लागला. हे यंत्र विषाणूंनाही निष्प्रभ करते. पण त्याला नितळ पाणी आणि वीज दोन्ही लागतात. पाणी गढूळ असेल तर जंतू कणांच्या सावलीत लपतात. दिवा वर्षभरात क्षीण होतो, तरी निळा उजेड दिसत राहतो. चीर गेलेल्या कँडलचीच ही नवी आवृत्ती.

१५/ वीज आणि नळ दोन्ही नसलेल्या घरांचा विचार पुण्यात झाला. टाटांच्या तेथील संशोधन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेपासून ‘सुजल’ हा फिल्टर तयार केला. त्याच धाग्यावर डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आला. त्यात राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले होते. त्याचा विशेष असा, की सुमारे ३,००० लिटर पाणी गाळले की पाण्याची वाट आपोआप बंद होई. काम संपल्यावर यंत्राने वापरणाऱ्याला तसे कळवले पाहिजे, हा विचार त्यात होता. कँडलच्या आणि दिव्याच्या जुन्या उणिवेवरचे ते उत्तर होते.

१६/ आरओचा उगम अगदी वेगळ्या गरजेतून झाला. १९६०च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन यांनी खारे पाणी गोडे करू शकणारा पडदा तयार केला. १९६५ साली कोअलिंगा या गावात, जेथील भूजल खारट होते, त्यावर चालणारे केंद्र उभे राहिले. दाबाखाली पाणी पडद्यातून पार होते, क्षार मागे राहतात आणि ते वाहून नेण्यासाठी बरेच पाणी टाकून द्यावे लागते. समुद्रकाठी, वाळवंटात, फ्लोराइडग्रस्त गावांत हा पडदा वरदान आहे. प्रश्न असा, की पाण्यात क्षार नाहीत तेथे तो कशासाठी?

१७/ या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी बाजाराने एक खेळ दाखवला. दोन पेल्यांत पाणी, त्यांत वीज सोडणाऱ्या सळ्या. काही क्षणांत नळाचे पाणी तपकिरी होते, आरओचे तसेच राहते. पाहणारा हादरतो. प्रत्यक्षात तो गाळ पाण्यातला नसून लोखंडी सळीचा गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून सळी झिजते. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज वाहत नाही म्हणून काही घडत नाही. टीडीएस मीटरही केवळ विरघळलेले क्षार मोजतो. काविळीचा विषाणू असलेले पाणीही त्यावर उत्तम ठरू शकते.

१८/ पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालते. भातसा, बारवी, तानसा यांचे पाणी ५०० च्या पुष्कळ खाली असते. २० मे २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने, ५०० पेक्षा कमी क्षार असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालावी आणि अन्यत्र निदान ६० टक्के पाणी वापरात यावे, असे आदेश दिले. वागळे इस्टेटच्या ओट्यांवरील यंत्रांची संख्या त्यामुळे घटल्याचे दिसत नाही.

१९/ आता एक साधा हिशेब. घरात रोज पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी वीस लिटर आरओचे पाणी लागते असे धरू. एका लिटरमागे तीन लिटर वाया जात असतील, तर एका घरातून रोज साठ लिटर आणि शंभर बिऱ्हाडांच्या इमारतीतून रोज सहा हजार लिटर गटारात जातात. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी धरलेले प्रमाण दिवसाला ५५ लिटर आहे. म्हणजे एका इमारतीच्या मोरीतून खेड्यातील शंभराहून अधिक माणसांचे दिवसभराचे पाणी वाहून जाते.

२०/ आणि हे खेडे काल्पनिक नाही. तानसा, भातसा आणि मोडकसागर ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बारवीची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातील वस्त्या पाण्याखाली गेल्या. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला ठाणे जिल्ह्याचा जलप्रवास असा आजही एकाच दिशेने चालू आहे. त्या पाण्यातील न घेता आलेला दोष काढण्यासाठी तीन चतुर्थांश पाणी ओतून देणे, हा केवळ घरखर्चाचा विषय राहत नाही.

२१/ अपवाद नोंदवायला हवा. टोलेजंग इमारती वाढल्या तशा कूपनलिका आणि टँकरही वाढले. २०२२च्या अखेरीस ठाण्यात एका बांधकामाच्या ठिकाणी कूपनलिका खोदताना मुंबईला पाणी नेणाऱ्या भूमिगत जलबोगद्यालाच छिद्र पडले. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत महिनाभर पंधरा टक्के कपात करावी लागली. जमिनीखालून येणाऱ्या अशा पाण्यात क्षार आणि कठीणपणा खरोखरच जास्त असू शकतो. तेथे आरओ योग्य ठरेल. पण आधी तपासणी हवी. महापालिकेची किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा त्यासाठीच आहे.

२२/ या साऱ्या इतिहासातून निवडीचा क्रम असा निघतो. पहिला प्रश्न स्रोताचा: धरण, कूपनलिका की टँकर? दुसरा दोषाचा: गढूळपणा, जंतू की क्षार? गढूळपणाला गाळणी, जंतूंना उकळणे, अतिनील दिवा किंवा विषाणूही अडवेल असा दाट पडदा, क्षारांना, आणि केवळ क्षारांनाच, आरओ. तिसरा प्रश्न निगेचा: वर्षाचा खर्च किती आणि तो कोण लक्षात ठेवणार? स्वस्त यंत्राची महाग देखभाल न झेपल्याने अर्धवट सोडलेले शुद्धीकरण हे उकळलेल्या पाण्याहून केव्हाही वाईट.

२३/ निगेचे थोडके नियम. गाळणी काळवंडली की बदलावी. अतिनील दिवा प्रकाश पाहून नव्हे, तारीख पाहून बदलावा. यंत्रावर बसवल्याची आणि बदलाची तारीख लिहून ठेवावी. आरओचा पडदा क्लोरीनने खराब होतो, म्हणून त्याआधीचा कोळसा पाण्यातील क्लोरीन काढून घेतो. परिणामी यंत्राच्या टाकीत साठलेले पाणी राखणदाराविना असते. ती टाकी नियमित धुवावी आणि गावाहून परतल्यावर जुने पाणी टाकून द्यावे. वाया जाणारे पाणी बादलीत धरून लादी पुसण्यास वापरावे.

२४/ किसननगरमध्ये आता समूह पुनर्विकास सुरू झाला आहे. चाळीतील सार्वजनिक नळ जाऊन प्रत्येक इमारतीला जमिनीखालची आणि गच्चीवरील टाकी मिळेल. पूर्वी माठ घासणे हे घरातील बाईच्या रोजच्या कामात मोडत असे. आता तो माठ हजारो लिटरचा झाला आहे आणि तो घासण्याची जबाबदारी सोसायटीवर आली आहे. ती टाळली गेली, तर वरच्या शंभर घरांनी शंभर यंत्रे बसवूनही मूळ दोष टाकीतच राहील. टाकी धुण्याचा खर्च शंभर घरांत विभागला, तर एका आरओ पडद्याच्या किमतीचा तो अल्पसा अंश असतो.

२५/ म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी सोसायटीच्या कार्यालयात दोन गोष्टी विचाराव्यात: आपल्याला पाणी कोणत्या योजनेतून मिळते, आणि टाकी शेवटची केव्हा धुतली गेली. पहिल्याचे उत्तर मिळाले तर कोणते यंत्र हवे ते कळेल. दुसऱ्याचे मिळाले तर यंत्र कितपत हवे तेही कळेल. आपल्या इमारतीच्या पाण्याचा उगम शोधून तो येथे उत्तरात जरूर लिहावा. (समाप्त)